चालती खोली

हेडसर माझ्या बादलीत चूळ थुंकले तेव्हा सातवीचा तास अजून व्हायचा होता. मुद्दाम नव्हे, पण चुकूनही नव्हे. मुतारीच्या भिंतीला नळ आहे, त्याला उन्हाळा लागल्यापासून पाणी नव्हतं. त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, गुळण्या केल्या, इकडेतिकडे बघितलं. जवळ दिसली ती माझी बादली.

"बाई, तुमचं पाणी तसंही घाणच असतं ना," असं वर म्हणाले आणि रुमालाने मिशा पुसत निघून गेले.

बादलीत तंबाखूचा एक तुकडा गोल गोल फिरत होता. मी तो ब्रशच्या टोकाने काढला आणि पायाखाली चिरडला. पाणी फेकून द्यायची सोय नव्हती. टँकर एक दिवसाआड यायचा, शिपाईमामा शाळेची टाकी कुलूप लावून सांभाळायचे आणि चित्रकलेला दिवसाला एक बादली. पाचवीला पाणी स्वच्छ मिळायचं. सहावीला राखाडी. सातवीपर्यंत ते गटारासारखं व्हायचं. त्यामुळे सातवीच्या पोरांच्या चित्रात आकाश कायम तपकिरी. एकदा एका पोराने समुद्र काढला होता, तो मी आधी खळं समजले.

त्या दिवशी मी सातवीला चूळ भरलेल्या पाण्यातच रंगवायला लावलं. पोरांना सांगितलं नाही. तास संपल्यावर मात्र डबा उघडला नाही.

तर ही अशी माझी नोकरी. शाळेत चित्रकलेची बाई, आणि शाळेत चित्रकलेला जागा नाही.

पूर्वी होती. व्हरांड्याच्या टोकाची खोली, उत्तरेला दोन खिडक्या, भिंतीलगत लांब मोरी. दोऱ्या बांधलेल्या होत्या, त्यांवर ओली चित्रं अडकवायची. पोरं आत आली की आपोआप आवाज खाली करायची. मग शाळेच्या अध्यक्षांच्या दुकानाचं छप्पर गळलं. त्यांचं खताचं आणि औषधांचं दुकान. पंधरा दिवसांपुरती म्हणून पोती आणून टाकली. छप्पर केव्हाच नीट झालं, त्यावर दुसरा मजलाही चढला, पोती आहेत तिथेच आहेत. किल्ली दुकानातल्या नोकराकडे. तो शाळेच्या वेळात येतो, हातगाडी लावतो, पोती काढतो, पांढरी पूड सगळ्या व्हरांड्यात उडते आणि पोरं खोकत पाढे म्हणतात. खिडकीतून मी कितीदा तरी आत बघितलंय. माझ्या मोरीत उंदीर मारायच्या औषधाचे डबे ठेवलेत.

मी हेडसरांकडे गेले, की ते म्हणायचे, "बाई, अध्यक्षांना मी कसं बोलणार?" अध्यक्षांकडे गेले, की ते म्हणायचे, "हेडसरांनी एकदा तरी मागितली का?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मग माझे तास जागा मिळेल तिथे. सायकली लावायच्या पत्र्याखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, नाहीतर त्या त्या वर्गात, गणिताच्या बाईंच्या मेहेरबानीवर. त्या फळ्यावर आपली उदाहरणं तशीच ठेवून जायच्या, वर 'पुसू नये' लिहून. जमिनीवर रंगाचा थेंब दिसला की पोरांदेखत मला म्हणायच्या, "बाई, जरा बघून. आम्हाला इथे शिकवायचं असतं." आम्हाला शिकवायचं असतं. मी काय तिथे माशा मारायला येत होते? मी खाली बसून थेंब पुसला.

उन्हाळ्यात पत्रा तापायचा, तेव्हा सावली एकाच ठिकाणी, मुतारीसमोर. तिथे बसवायचे मी पोरांना, रांगेत, नाकाला हात लावून. एका हाताने नाक, एका हाताने ब्रश. पाणी नसल्यामुळे मुतारीची काय दशा झाली होती ते सांगत नाही. माशा रंगावर बसायच्या आणि कागदावर चालत जायच्या. कुणाच्या सूर्यावर माशीचे पाय, कुणाच्या आईच्या तोंडावर.

आणि सामान. रंगांचे डबे, कागदाचे गठ्ठे, ब्रश, वाट्या, बादली. दोन खांद्यांना दोन पिशव्या आणि हातात बादली, तास संपला की दुसऱ्या टोकाला, जिना वर, जिना खाली. घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने म्हणतात. इथे घोडंही मीच आणि शिंगरूही मीच.

आमचे हे सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे आम्ही राहतो. त्या वर्षी पाणी नाही म्हणून बांधकामं नाहीत, बांधकामं नाहीत म्हणून दारं-खिडक्या नाहीत. हे सकाळी उठून रंध्याला धार लावायचे, करवतीला तेल द्यायचे आणि मग उंबऱ्यावर बसून रस्ता बघायचे. काम नसलेल्या माणसाच्या हातांकडे बघवत नाही. आपलीच नखं कुरतडत बसायचे. सासूबाई माझ्याजवळ कुजबुजायच्या, "त्याला काहीतरी करायला दे गं, नाहीतर डोकं फिरेल त्याचं." घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि ते त्यांना लागत होतं. ताटावर बसले की वाढून घ्यायचे नाहीत.

एक दिवस त्यांनी माझ्या खांद्यावरचे वळ बघितले.

"हे काय?"

"पिशव्यांचे पट्टे. रोजचंच आहे."

त्यांनी एक पिशवी उचलून हातात तोलून बघितली. दुसऱ्या दिवशी दुकानातून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. सासूबाईंचा चेहरा उजळला. मी विचारलं, तर म्हणाले, "तुला गाडी करतोय. सामान ढकलत न्यायचं."

"अहो, पण साधी करा. खोली मिळेपर्यंत चालली की झालं."

"साधी म्हणजे कशी?"

आता याला काय सांगायचं. वाईट काम कसं करायचं ते या माणसाला येतच नाही. एकदा शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचं खुराडं केलं होतं, तर शेजारी म्हणाले, कोंबड्या बाहेर काढतो आणि आम्हीच राहतो.

जुन्या दारांच्या फळ्या काढून त्यांनी ती गाडी केली. सायकलची चाकं. खाली कागदाला सपाट खण, मध्ये रंगाच्या डब्यांना खाचा, एका बाजूला ब्रश उभे राहायला भोकांची पट्टी, दुसऱ्या बाजूला बादलीला लोखंडी कडं, म्हणजे ढकलताना पाणी हिंदकळणार नाही. मागची बाजू उघडली की फळा. कडा सगळ्या गोल घासलेल्या, पोरांना लागू नये म्हणून. दुकानाच्या दारात उभी करून ते बाजूला झाले. मी हात फिरवला. कुठे म्हणून कुसळ लागेना.

"कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणाले, आणि होतीच ती छान. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

शाळेत गाडीचं फार कौतुक झालं. पोरांनी मला गाडीवाल्या बाई करून टाकलं. मी व्हरांड्यातून ढकलत निघाले की खिडकीतून आवाज, "बाई, आज काय ताजं आहे?" हसले मीही. पण थोड्याच दिवसांत गाडी सगळ्या शाळेची झाली. गणिताच्या बाई त्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवायला लागल्या. शिपाईमामा त्यावरून चहाचे कप न्यायचे आणि उरलेला चहा माझ्या बादलीत ओतायचे. कुणाची हरवलेली चप्पल, फुटबॉल, हेडसरांची छत्री, सगळं गाडीवर. एकदा खालच्या खणात मला अर्धी खाल्लेली अंडी सापडली. तीन कागद त्यांना चिकटले होते. मी ते सोलून काढले, वास घेऊ नये म्हणून तोंडाने श्वास घेत.

आणि खोलीचं नाव कोणी काढेना. मी काढलं, तर हेडसर म्हणाले, "आता कशाला? गाडी आहे की तुम्हाला."

गाडीने एक गोष्ट मात्र जमत नव्हती. चित्र वाळत नव्हतं. सातवीत एक मुलगी होती, पोरं तिला गोगलगाय म्हणायची. इतकी हळू काम करायची, की बाकीच्यांचं चित्र होऊन मारामारी सुरू व्हायची तेव्हा हिची पहिली रेघ संपायची. पण ती रेघ बघावी. तिच्या घरामागे आटलेली विहीर होती, ती काढायला घेतली होती तिने. वरून आत बघितल्यासारखी. दगडांचे थर, त्यात उगवलेलं झुडूप, तळाशी पडलेला पोहरा. एकेका दगडाला वेगळा तपकिरी. आमच्या त्या घाण पाण्यातून तिने इतके तपकिरी काढले होते, की मी वर्गात एकटी बघत उभी राहायचे.

घंटा झाली की गाडी हलायची. चित्र ओलं. पसरून ठेवायला जागा नाही, गुंडाळायचं, नाहीतर दुसऱ्या चित्रांवर रचायचं. पुढच्या तासाला उघडलं की एक थर उचकटून दुसऱ्याच्या पाठीला लागलेला. गोगलगाय रडायची नाही. उचकटलेल्या जागी परत रंग द्यायची. पुन्हा ओलं, पुन्हा उचकटलं. दोनदा नव्या कागदावर पहिल्यापासून काढली तिने ती विहीर.

"बाई, आपल्याला खोली होती ना?" तिने एकदा विचारलं. "माझी ताई सांगते. दोऱ्या होत्या म्हणे."

"होती."

"परत मिळेल?"

"मिळवते," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग ते मला पाळावं लागलं.

शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली. शाळेतल्या कुठल्या खोलीत काय चालतं हे ते स्वतः फिरून बघणार होते. गैरवापर दिसला तर तिथल्या तिथे खोली मोकळी करायला लावतात, अशी त्यांची ख्याती. अध्यक्षांनी पोती हलवली नाहीत, फक्त दाराखिडक्यांना बाहेरून पडदे लावले. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, साहेबांसमोर रडगाणं नको."

"मी कशाला गाऊ? त्यांना डोळे असतीलच की."

मी ठरवलं होतं. काही बोलायचंच नाही. तास घ्यायचा नेहमीच्या जागी, मुतारीसमोर, नेहमीच्या पाण्यात. गाडीही तोपर्यंत खिळखिळी झाली होती. एक चाक असं करकरायचं की दोन वर्ग शिकवायचे थांबायचे. बादलीचं कडं निखळलं होतं, फळ्याची बिजागरी एकीकडून लोंबत होती. घरी मी यांना काही सांगितलं नाही. नवरा सुतार आणि बायको मोडकी गाडी ढकलतेय, लोक हसले तर हसू देत. ते करकरणारं चाक म्हणजे माझं एकमेव हत्यार होतं. साहेबांना ऐकू जाऊ दे, वास जाऊ दे, पाय घाणीत जाऊ दे. मग कोण म्हणतो बघू, की खोली नको.

चुकले ते एवढंच, की सासूबाईंच्या पायाला तेल लावताना बोलून गेले, चाक फार त्रास देतंय म्हणून.

तपासणीच्या दिवशी शाळेत गेले, तर व्हरांड्यात गाडी उभी. मला क्षणभर ओळखू आली नाही. धुतलेली, पुसलेली, लाकडाला तेल दिलेलं. कडं घट्ट. बिजागरी नवी. मी ढकलून बघितली. पाण्यावरून गेल्यासारखी गेली, आवाज नाही.

शिपाईमामा कौतुकाने म्हणाले, "काल सुट्टी असून आले होते तुमचे मालक. दिवसभर बसले होते. मुतारीसमोरची जागासुद्धा झाडून घेतली. घरून दोन डबे पाणी आणून मुतारी धुतली. म्हणाले, साहेब येणार, बायकोला शरम वाटायला नको. नशीब काढलंत बाई."

काल घरी ते उशिरा आले होते, हातांना फिनेलचा वास. मी विचारलं तर हसले होते नुसते. घरात प्यायला पाणी मोजून होतं, आणि या माणसाने दोन डबे पाणी मुतारीवर ओतलं होतं. माझ्यासाठी. मी गाडीच्या दांड्याला धरून उभी राहिले. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? आणि चिडायचं नाही तर त्या रागाचं करायचं काय?

कार्ट्यांनीही तोच दिवस निवडला शहाण्यासारखं वागायला. सातवीचा वर्ग सावलीत असा बसला होता, की कुणाला वाटावं दुसरीच शाळा आहे. बादलीत स्वच्छ पाणी. शिपाईमामांनी टाकीतून ताजं दिलं होतं, साहेबांसाठी.

साहेब आले. मागे हेडसर, अध्यक्ष आणि तोंडावर हात ठेवून गणिताच्या बाई. साहेब गाडीसमोर थांबले. मागची बाजू उघडून बघितली, मिटली, परत उघडली. लहान मुलासारखे खण ओढत बसले.

"ही कुणी केली?"

"बाईंचे मिस्टर सुतार आहेत," हेडसर म्हणाले. "आमच्या शाळेने प्रोत्साहन दिलं."

"उत्तम. मोकळ्या हवेत शिक्षण. भिंती नाहीत, बंधनं नाहीत." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, काही अडचण?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "साहेब, आम्हाला खोली होती. व्हरांड्याच्या टोकाला. पडदा लावलाय ती. त्यात खताची पोती आहेत."

अध्यक्ष हसले. "शाळेच्या बागेसाठी आणून ठेवलंय साहेब. बाग करायची आहे."

बाग. प्यायला पाणी नाही आणि यांची बाग. साहेबांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा हात अजून खणावर होता.

तेवढ्यात गोगलगाय उठून उभी राहिली. हातात विहीर, ओली. "साहेब, चित्र वाळायला जागा नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या मनगटावरून तपकिरी पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. साहेबांनी चित्र बघितलं, म्हणजे त्यावरून नजर फिरवली. "छान आहे. बेटा, मग लवकर वाळणारे रंग वापरायचे." आणि हेडसरांकडे वळले, "अहो, ही तर चालती खोली आहे. चार भिंतींची खोली अडवून ठेवायची कशाला? इतर शाळांमध्ये चित्रकलेच्या नावाखाली खोल्या नुसत्या पडून असतात. सगळीकडे अशा गाड्या द्यायला पाहिजेत."

गोगलगाय खाली बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघण्याची छाती नव्हती.

शाळा सुटल्यावर मी पडदा बाजूला करून खिडकीतून आत थुंकले. बाईमाणसाला शोभत नाही, माहीत आहे.

घरी पोचले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. साहेबांचा माणूस येऊन गेला होता. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना गाड्या, काम यांच्याकडे. दुकानात लाकडाचा भुसा उडत होता. हे कानावर पेन्सिल लावून मापं घेत होते, आणि असं शिट्टी वाजवत मापं घेताना मी त्यांना वर्षभरात बघितलं नव्हतं. सासूबाई दारातच म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या पायगुणाने आलं बघ काम."

"अगं, ऐकलंस का?" हे म्हणाले. "साहेब म्हणाले, कल्पना फार चांगली."

"ऐकलं."

"मग तोंड का वाकडं?"

"अहो, मला खोली हवी होती."

त्यांनी पेन्सिल काढली. "गाडी मी कशासाठी केली? तुझे खांदे..."

"माहीत आहे."

"मग माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हेच तर दुखणं होतं. मी म्हणाले, "चाक करकरायचं ते राहू द्यायचं होतंत." त्यांना काही कळलं नाही. सुताराला असं वाक्य कळायचं कसं? मी आत जाऊन हातपाय धुतले, एका तांब्यात.

त्या रात्री जेवताना मी त्यांना गोगलगायीचं सांगितलं. वाळायला जागा नाही ते. नुसतं सांगायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर त्यांनी पातळ पट्ट्यांचे कप्पे केले होते. एकावर एक, मध्ये हवा खेळायला बोटभर जागा, प्रत्येकात एक चित्र सरकवायचं. "आधी तुझ्या गाडीला लावतो," ते म्हणाले. "मग सगळ्यांना."

काय बोलणार? लावू नका, पोरीचं चित्र उचकटू दे?

कप्पे लावल्यावर पुढच्या तासाला गोगलगायीने विहीर पुन्हा काढायला घेतली. पहिल्यापासून. घंटा झाली, चित्र कप्प्यात सरकवलं, गाडी हलली, असे कितीतरी तास. पुढच्या तासाला काढलं तर कोरडं खडखडीत, एक थर हललेला नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग तळाशी पोहऱ्याजवळ अगदी थोडं, नखाएवढं निळं लावलं. त्या दिवशी मी तिला बादली भरल्याबरोबर पहिलं पाणी वाटीत काढून दिलं होतं.

"झालं, बाई," ती म्हणाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? चित्र हातात घेऊन मी मुतारीसमोर उभी होते, वास नेहमीचा परत आला होता, माशा होत्या, आणि मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला किळस आली. कुत्र्याला तुकडा टाकावा आणि त्याने शेपूट हलवावी, तसं वाटलं मला माझं.

दुकानातून गाड्या जायला लागल्या. घ्यायला शिपाई यायचे, कधी टेम्पो यायचा. एका रविवारी पलीकडच्या गावचे चित्रकलेचे मास्तर स्वतः आले. म्हातारे, निवृत्तीला आलेले. मी नुसतं ऐकून होते त्यांच्याबद्दल. त्यांच्या शाळेत चित्रकलेची खोली होती, चांगली मोठी, छताला काच बसवलेली. त्यांची पोरं बाहेरच्या स्पर्धांना जायची. मला त्यांचा नेहमी हेवा वाटायचा.

यांनी त्यांना स्टूल दिलं. मास्तर बसले नाहीत. गाडीभोवती फिरले. रंगांच्या खाचा बघितल्या, ब्रशच्या भोकात करंगळी घालून बघितली, कडेवरून हात फिरवला. त्यांच्या नखांत रंग होता, कायमचा बसलेला.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

"नवे कप्पे बघा," हे पुढे झाले. "चित्र वाळायला. ओलं चित्र सरकवायचं आणि गाडी न्यायची."

मास्तरांनी एक पट्टी बाहेर ओढली, आत सारली. "वा. आमच्या हेडसरांना मी तेवढंच म्हणालो होतो. गाडी घेतो, पण वाळवायला तरी खोली असू दे." पट्टीवरचा हात तसाच राहिला. "तेही तुम्ही सोडवलंत. आता मागायला काही राहिलं नाही."

"खोली गेली?" मी विचारलं.

"परवा रिकामी करायची आहे. कॉम्प्युटर येणार म्हणतात. अजून तरी कुणाचे आले नाहीत. तोपर्यंत जुनी बाकं टाकणार." मग ते यांच्याकडे वळले. "कल्पना कुणाची ही?"

यांनी अभिमानाने माझ्याकडे हात केला. "हिची. शाळेत हिचे हाल बघितले मी. त्यातूनच सुचली."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, वयाने मोठी माणसं हलवतात तशी. "बाई, ही उतारावर थांबते का? आमची शाळा टेकाडावर आहे."

"चाकाखाली दगड लावावा लागतो," मी म्हणाले.

"दगड आहेत आमच्याकडे."

टेम्पो त्यांनी सांगितला नव्हता. नाक्यापर्यंत ढकलत नेणार होते, तिथे ओळखीची गाडी मिळणार होती. आमच्या घरापासून नाक्यापर्यंत चढ. मास्तरांनी दांडा धरला आणि वाकले. हे मदतीला निघाले, तर मी म्हणाले, तुम्ही काम करा, मी जाते. मागून हात लावला.

वर पोचेपर्यंत मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. गाडीचा आवाज नव्हता, किती हलकी जात होती ती. मला वाटत होतं, एखादं चाक तरी अडावं, एखादी पट्टी तरी निखळावी. काही अडलं नाही, काही निखळलं नाही. नाक्यावर त्यांनी स्वतःच शोधून चाकाखाली दगड लावला आणि मला जा म्हणाले.

परत आले तेव्हा हे पुढच्या गाडीचं चाक बसवत होते.

"काय म्हणाले मास्तर?"

"काम चांगलं आहे म्हणाले."

ते खूश झाले. "अगं, ते चाक जरा धर," म्हणाले, आणि मी धरलं.